भरदुपारी लाल झालेलं आकाश: धूर कुठून आला, हे उपग्रह कसं सांगतो?

२१ सप्टेंबर २०१९. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर जांबी नावाचा प्रांत आहे. तिथल्या मुआरो जांबी जिल्ह्यातल्या काही गावांत भरदुपारी आकाश लालभडक झालं. झाडं, घरं, रस्ते, सगळंच लाल. लोकांनी मोबाईलवर काढलेले व्हिडिओ जगभर फिरले. ‘रंग भरलेले फोटो आहेत, खोटं आहे,’ असंही अनेकजण म्हणाले. पण ते खरं होतं.

इंडोनेशियाच्या हवामान खात्याने, म्हणजे बीएमकेजीने, हिमावारी-८ या जपानी उपग्रहाची चित्रं पाहून कारण सांगितलं. त्या भागात आगीचे पुष्कळ ठिपके होते आणि वर धुराचा अतिशय दाट थर पसरला होता. धुरातले कण इतके बारीक होते की त्यांचा आकार लाल प्रकाशाच्या लहरीच्या लांबीएवढा, साधारण ०.७ मायक्रॉन होता. सूर्याचा प्रकाश अशा कणांवर आदळून विखुरला आणि लोकांच्या डोळ्यांपर्यंत मुख्यतः लाल रंगच पोहोचला. विज्ञानात याला ‘मी विकिरण’ म्हणतात. ‘मी’ हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव.

हा लाल रंग फक्त पाहण्यासारखी गोष्ट नव्हती. जे कण आकाश रंगवत होते, तेच लोकांच्या छातीत जात होते. आणि हा धूर एका जिल्ह्यापुरता, एका देशापुरताही थांबत नाही. म्हणून तो कुठे पेटला, कुठे चालला आणि किती दाट आहे, हे समजणं गरजेचं असतं. हे काम आज उपग्रह करतात. कसं करतात आणि त्यांचं काम कुठे अपुरं पडतं, ते पाहू.

जमिनीच्या पोटातली आग

इंडोनेशिया हा जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी एक. सुमात्रा आणि कालीमंतान (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडील भाग) इथे लाखो हेक्टर दलदलीची जंगलं आहेत. हजारो वर्षं पाण्यात पडून अर्धवट कुजलेला पालापाचोळा, मुळं, लाकूड यांचे थर तिथे साचले आहेत. या मातीला ‘पीट’ म्हणतात. काही ठिकाणी हा थर कित्येक मीटर खोल आहे. पाण्याखाली असेपर्यंत तो पेटत नाही. पण कालवे खोदून पाणी काढून टाकलं, की तीच जमीन सुकलेल्या सरपणासारखी होते.

नेमकं तेच झालं. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या काळात मध्य कालीमंतानमध्ये दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याची योजना सुरू झाली. हजारो किलोमीटर कालवे खोदले गेले. भात काही पिकला नाही, जमीन मात्र सुकली. पुढे इतर भागांतही पाम तेलाच्या आणि कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या झाडांच्या लागवडीसाठी दलदली सुकवल्या गेल्या. जमीन साफ करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे काडी लावणं. वर लावलेली आग खाली पीटमध्ये शिरते आणि आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. ज्वाळा कमी, धूर भरपूर.

२०१५ हे एल निनोचं वर्ष होतं. पाऊस लांबला. त्या वर्षी जून ते ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. मध्य कालीमंतानची राजधानी पालांकाराया इथे आकाश पिवळं पडलं. हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ३०० च्या वर गेला की धोका मानतात, तिथे तो १,००० च्याही कितीतरी वर गेला. वारा त्या ऋतूत आग्नेयेकडून वाहतो, त्यामुळे सुमात्राचा धूर सरळ सिंगापूर आणि मलेशियावर गेला. २४ सप्टेंबरला ईदुल अज्हा होती. सिंगापूरच्या मुसलमानांनी ती ईद धुरातच साजरी केली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या प्राथमिक व माध्यमिक शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

जागतिक बँकेने इंडोनेशियाचं नुकसान १,६१० कोटी डॉलर इतकं मोजलं. २००४ च्या त्सुनामीनंतर आचेह उभारायला जेवढा खर्च आला, त्याच्या जवळपास दुप्पट. मृत्यूंचा सरकारी आकडा दोन डझनांच्या आत होता. पण हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ मध्ये अंदाज मांडला की या धुरामुळे इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूरमध्ये मिळून सुमारे एक लाख लोक वेळेआधी दगावले असावेत. सरकारांनी हा आकडा मान्य केला नाही. एवढी मोठी तफावत का? कारण धुराने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘धूर’ असं लिहिलेलं नसतं. तिथे हृदयविकार, दमा, न्यूमोनिया असं लिहिलेलं असतं. असा अंदाज करताना आधी प्रश्न येतो, कोणत्या दिवशी कोणत्या गावावर किती धूर होता? जिथे जमिनीवर मोजणी यंत्रं नाहीत, तिथे उत्तर वरूनच शोधावं लागतं.

उपग्रह पहिल्यांदा उष्णता पाहतो

नासाचे टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) हे उपग्रह सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून, ध्रुवावरून ध्रुवाकडे जात पृथ्वीला फेऱ्या मारू लागले. त्यांच्यानंतर सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ हे आले. यांच्यावरचे कॅमेरे आपल्या डोळ्यांना दिसतो तो प्रकाश टिपतातच, शिवाय उष्णतेच्या लहरीही टिपतात.

साधी जमीन ज्या लहरींत जास्त उष्णता सोडते, त्या साधारण ११ मायक्रॉन लांबीच्या असतात. आगीची मात्र ४ मायक्रॉनच्या आसपास झगझगीत चमक दिसते. उपग्रह दोन्हींची तुलना करतो. आजूबाजूच्या मानाने एखादा चौकोन ४ मायक्रॉनमध्ये फार चमकत असेल, तर तिथे आगीचा ठिपका पडतो. टेरा-अ‍ॅक्वाच्या कॅमेऱ्याचा असा एक चौकोन एक किलोमीटर लांब-रुंद असतो, पण त्यात साधारण १,००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे जागा जळत असली तरी ती पकडली जाते. नंतरच्या तीन उपग्रहांवरचा चौकोन ३७५ मीटरचा आहे, त्यामुळे त्यांना आणखी लहान आग दिसते.

मग धूर पाहतो

दिवसाच्या साध्या रंगीत चित्रात धूर राखाडी-तपकिरी पट्ट्यासारखा दिसतो. ढग पांढरेशुभ्र आणि कडा असलेले, धूर मात्र पुसट आणि पसरलेला. पण नुसत्या चित्रावरून ‘किती’ हे कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ एक माप वापरतात. वरून खालपर्यंतच्या हवेतल्या कणांनी सूर्यप्रकाश किती अडवला, याचं ते माप. स्वच्छ हवेत ते ०.१ च्या आसपास असतं. ते १ झालं, तर सूर्याचा सरळ येणारा प्रकाश फक्त ३७ टक्के उरला असं समजायचं.

दुसरी युक्ती वायूंची. काहीही अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो हवेत काही आठवडे टिकतो आणि वाऱ्याबरोबर दूर जातो. २०१७ मध्ये सोडलेला युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह हा वायू मोजतो. धूर आणि धूळ यांतला फरकही यातून कळतो. वाळवंटातल्या धुळीबरोबर हा वायू वाढत नाही, धुराबरोबर वाढतो. जळक्या कणांचा आणि धुळीचा वेध घ्यायला अतिनील प्रकाशही वापरतात.

आणि शेवटी दिशा पाहतो

ध्रुवावरून फिरणारा उपग्रह एका जागेवरून दिवसातून एकदा आणि रात्री एकदा जातो. मधल्या वेळात धूर कुठे सरकला, हे त्याला दिसत नाही. हे काम भूस्थिर उपग्रहाचं. तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून एकाच भागाकडे सतत बघत राहतो. हिमावारी-८ जुलै २०१५ मध्ये कामाला लागला आणि दर दहा मिनिटांनी चित्र पाठवू लागला. डिसेंबर २०२२ पासून ते काम हिमावारी-९ करतो. ही चित्रं ओळीने लावली की धूर कुठल्या किनाऱ्यावरून निघाला आणि कुठल्या शहरावर गेला, हे सिनेमासारखं दिसतं.

याला वाऱ्याच्या नोंदींची जोड देतात. संगणक उलटा हिशोब करतो: आज दुपारी या शहरावर असलेली हवा काल कुठे होती, परवा कुठे होती? ती हवा आगीच्या ठिपक्यांवरून आली असेल, तर धुराचं गाव सापडलं.

साक्षीदार कामाला आला

सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियात पुन्हा धूर भरला. इंडोनेशियाच्या पर्यावरण मंत्री सिती नुरबाया यांचं म्हणणं होतं की हा धूर फक्त इंडोनेशियाचा नाही, मलेशियातही आगी लागल्या आहेत. मलेशियाच्या मंत्री यिओ बी यिन यांनी सिंगापूर इथल्या आसियान हवामान केंद्राचे उपग्रहावरचे आकडे पुढे ठेवले. कालीमंतानमध्ये ४७४ ठिपके, सुमात्रात ३८७, आणि मलेशियात ७. शिवाय वाऱ्याची दिशा. दोन शेजारी देश, दोघीही जबाबदार मंत्री, पण वाद मिटवायला आकाशातला साक्षीदार लागला.

सिंगापूरने २०१४ मध्ये सीमेपलीकडून येणाऱ्या धुराविरुद्ध कायदा केला. परदेशात आग लावून सिंगापूरची हवा बिघडवणाऱ्या कंपनीवर त्यात कारवाई करता येते. उपग्रहाची माहिती, वाऱ्याची दिशा आणि जमिनीचे नकाशे यांवरून धूर त्या जागेतून आला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. तसं नसेल, तर ते दाखवून देण्याची जबाबदारी कंपनीची.

उलेमांनीही हा प्रश्न हाती घेतला. इंडोनेशियातील उलेमांची सर्वोच्च परिषद, मजलिस उलेमा इंडोनेशिया, हिने २०१६ मध्ये फतवा जाहीर केला. जी आग पर्यावरणाचा नाश करते, इतरांचं नुकसान करते, आरोग्याला अपाय करते, ती लावणं हराम. अशा कामाला मदत करणं, ते होऊ देणं आणि त्यातून फायदा उचलणं हेही हराम. आणि आग आटोक्यात आणणं बंधनकारक. यातला ‘फायदा उचलणं’ हा भाग महत्त्वाचा आहे. काडी ओढणारा मजूर एकटाच दोषी धरून भागत नाही, त्या जमिनीतून नफा घेणाराही हिशोबात येतो.

१७ सप्टेंबर २०१९ ला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी सुमात्रातल्या पेकनबारू इथे लोकांसोबत पावसासाठी इस्तिस्काची नमाज अदा केली. चारच दिवसांनी शेजारच्या जांबीत आकाश लाल झालं. पाऊस अल्लाहच्या हातात आहे, पण दलदल सुकवणं आणि तिला काडी लावणं हे माणसाच्या हातचं काम होतं. फतवा नेमका या दुसऱ्या गोष्टीबद्दल होता.

उपग्रहाला काय दिसत नाही

साक्षीदार चांगला असला, तरी त्याने काय पाहिलं आणि काय नाही, हे विचारावंच लागतं.

पहिली गोष्ट, ठिपका म्हणजे आगीची जागा. आग कोणी लावली, हे ठिपका सांगत नाही. त्यासाठी जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावं लागतं आणि प्रत्यक्ष जागेवर जावं लागतं.

दुसरी, ढगांखालची आग दिसत नाही. पीटमधली खोल, थंड धुमसणारी आगही अनेकदा सुटते. कधीकधी धूर एवढा दाट असतो की संगणक त्याला ढग समजून मोजणीतून गाळून टाकतो. म्हणजे जिथे परिस्थिती सगळ्यात वाईट, तिथेच नकाशावर जागा कोरी.

तिसरी, उपग्रह ठरलेल्या वेळी जातो. आपल्याकडे पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळण्याच्या ठिपक्यांची संख्या अलीकडे घटलेली दिसली. पण दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची चित्रं तपासल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं की बऱ्याच आगी आता दुपारची फेरी होऊन गेल्यावर लागतात. म्हणजे ठिपके जितके घटले, तितकी आग घटली असेलच असं नाही.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उंचीची. उपग्रह वरून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र पाहतो. तो धूर चार किलोमीटर वरून जात असेल, तर खाली सूर्य तांबूस दिसेल, पण श्वासाला फारसा त्रास होणार नाही. तोच धूर जमिनीलगत असेल, तर दवाखाने भरतील. वरून दोन्ही चित्रं सारखीच. उंची मोजायला लेसरचा किरण खाली सोडणारे उपग्रह लागतात. कॅलिप्सो या उपग्रहाने २००६ ते २०२३ हे काम केलं. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर त्यासाठी वर गेला. पण लेसरची रेषा अरुंद असते, ती रोज प्रत्येक गावावरून जात नाही. म्हणून जमिनीवरच्या यंत्राला पर्याय नाही. उपग्रह धूर कुठून आला ते सांगतो, आपण किती श्वासात घेतला ते खालचं यंत्र सांगतं.

आपल्या आकाशात

आपल्याकडे इंडोनेशियासारखी पीटची आग नाही, पण दुरून येणारे कण आपणही पाहिले आहेत. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईवर धुळीचं सावट आलं, गाड्यांवर पांढरट धूळ साचली, समोरच्या इमारती पुसट झाल्या. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आली होती आणि तिचा पट्टा उपग्रहाच्या चित्रांत दिसत होता. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या माणसांना अशी वादळं नवीन नाहीत.

आणि वणवा तर कोकणाच्या ओळखीचा. फेब्रुवारी ते मे दरम्यान डोंगरावरचं सुकं गवत पेटतं, आंबा-काजूच्या बागा जळतात. भाजावळीसाठी शेतात राब जाळतात, तोही हाताबाहेर गेला तर वणवा होतो. नासाच्या ‘फर्म्स’ या मोफत नकाशावर जगातल्या आगींचे ठिपके उपग्रह गेल्यानंतर साधारण तीन तासांत दिसतात. आपला तालुकाही त्यावर पाहता येतो. ‘वर्ल्डव्ह्यू’ या नासाच्याच दुसऱ्या नकाशावर कुठल्याही तारखेचं चित्र काढून धुराचा पट्टा बघता येतो. भारताचे इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस हे भूस्थिर उपग्रहही आपल्या भागावर सतत नजर ठेवून असतात.

एक सावधगिरी मात्र हवी. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वणव्यांचं एक चित्र सगळीकडे फिरलं. संपूर्ण खंडाची कड पेटलेली दिसत होती. ते उपग्रहाचं छायाचित्र नव्हतंच. महिनाभराचे ठिपके एकत्र करून संगणकावर बनवलेलं ते चित्र होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर असं काही आलं, तर पुढे पाठवण्याआधी तारीख बघा, आणि ते छायाचित्र आहे की ठिपक्यांचा नकाशा, हे बघा. खातरजमा न करता बातमी पुढे सरकवू नये, ही शिकवण आपल्याला नवीन नाही.

घरासाठी काय?

धुराचे पीएम २.५ कण केसाच्या जाडीच्या वीस-तीस पटीने बारीक असतात. ते फुप्फुसात खोल जातात आणि काही रक्तातही मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २४ तासांच्या सरासरीत ते एका घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताची मर्यादा ६० आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा निर्देशांक दिसतो. तो २०० च्या वर गेला की हवा ‘वाईट’ समजावी. ३०० च्या वर ‘अतिशय वाईट’ आणि ४०० च्या वर ‘गंभीर’.

अशा दिवशी दम्याचे रुग्ण, हृदयविकाराचे रुग्ण, गरोदर बायका, लहान मुलं आणि घरातले वयस्कर यांनी बाहेर कमीत कमी पडावं. खिडक्या लावून घ्याव्यात, घरात उदबत्ती-लोबान टाळावं, केर ओल्या फडक्याने पुसावा. बाहेर जावंच लागलं तर एन-९५ मास्क नीट घट्ट बसवून लावावा. रुमाल किंवा ओढणीतून हे कण सहज आत जातात. दम लागला, छाती आवळली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरकडे जावं.

आणि आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं. वाडीतला कचरा, शेताचा बांध, डोंगराचं गवत पेटवताना वारा कुठे चाललाय ते पाहावं. शेजाऱ्याला त्रास होईल असं काही करू नये, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. उपग्रहाने त्यात एका गोष्टीची भर घातली आहे. धुराच्या बाबतीत शेजारी म्हणजे फक्त भिंतीपलीकडचा नाही. सुमात्राच्या आगीचा शेजारी सिंगापूरमध्ये होता.